अन्ननलिकेच्या गाठीत ‘लिम्फोसाइट भरपूर’: याचा जगण्याशी संबंध किती?

सायली_कऱ्हाड
बाबांना (वय ६३) गेल्या दिवाळीच्या सुमारास घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भातसुद्धा पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढला आणि अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वेमस सेल कार्सिनोमा नावाचा कर्करोग निघाला. इतरत्र पसरलेला नव्हता. केमो आणि लाईट (किरणोपचार) एकत्र दिले, मग ऑपरेशन झालं. आता घरी आहेत, थोडं थोडं खातात.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात लिहिलंय की गाठीचा थोडा भाग शिल्लक होता, कापलेल्या भागाच्या कडा आजारापासून मोकळ्या आहेत आणि एका लसिका ग्रंथीत आजार सापडला. खाली शेवटी एक ओळ आहे: गाठीच्या आत आणि भोवती लिम्फोसाइट मोठ्या प्रमाणात. सर्जन एवढंच म्हणाले, ‘हे चांगलं असतं.’ बाहेर रांग होती, जास्त विचारता आलं नाही.

घरी येऊन वाचायला लागले. एकीकडे लिहिलंय की गाठीत या पेशी जास्त असलेले लोक जास्त जगतात. दुसरीकडे लिहिलंय की सततच्या दाहामुळेच कॅन्सर होतो आणि वाढतो. मग या पेशी बाजूच्या की विरोधातल्या? त्या एका ओळीवर किती भिस्त ठेवायची? इथे वैद्यकीय क्षेत्रातले लोक आहेत आणि यातून गेलेलेही आहेत. जे खरं असेल ते सांगा, गोड करून नको.

निशिगंध
बाबांना आराम पडो. धागा वाचते आहे, माझ्या काकांनाही हाच आजार आहे.

काचपट्टी
सायलीताई, माझं काम रोज सूक्ष्मदर्शकाखाली असेच तुकडे बघायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या काचेवर त्या सगळ्या सारख्याच दिसतात, लहान, गोल, गडद. पण त्यांची कामं वेगळी असतात. सीडी८ टी पेशी बिघडलेली पेशी ओळखून थेट मारतात. सीडी४ पेशी त्यांना मदत करतात. त्या सीडी४ मध्येच एक गट असतो, ज्याच्यात एफओएक्सपी३ नावाचं प्रथिन असतं. त्याला नियामक टी पेशी म्हणतात. त्यांचं शरीरातलं कामच प्रतिकार थोपवण्याचं आहे, नाहीतर आपली प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटेल. गाठीत मात्र त्या नको तिथे ब्रेक लावतात. शिवाय मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी, असतात. त्यातल्या एका प्रकारच्या पेशी गाठीला नव्या रक्तवाहिन्या तयार करायला मदत करतात. म्हणजे ‘बाजूच्या की विरोधातल्या’ या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही प्रकारच्या एकाच गाठीत असतात.

अन्ननलिकेबद्दल हे आज कळलेलं नाही. २००१ मध्येच जर्मन गटाने दाखवलं होतं की गाठीच्या आत सक्रिय सीडी८ पेशी जास्त असलेल्या रुग्णांचं आयुष्य जास्त होतं. २००३ मध्ये जपानी गटाने स्क्वेमस प्रकारात दाखवलं की सीडी४ आणि सीडी८ दोन्ही जास्त असतील तेव्हा निकाल सर्वांत चांगला, नुसत्या एकाने तेवढा फरक पडत नाही. त्यानंतर बरेच अभ्यास झाले आणि सीडी८ बद्दल कल तोच राहिला. नियामक पेशींबद्दल मात्र निष्कर्ष एकमुखी नाहीत.

जागाही महत्त्वाची. काही गाठींत पेशी थेट कर्करोगाच्या पेशींमध्ये घुसलेल्या असतात. काहींत त्या वेशीवर अडवल्यासारख्या भोवतीच्या तंतूंमध्येच थांबतात. काहींत जवळपास नसतातच. तुमच्या रिपोर्टात ‘आत आणि भोवती’ आहे, हे पहिल्या गटाकडे झुकणारं.

आता एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा नमुना केमो आणि लाईटनंतरचा आहे. उपचाराने पेशी मरतात, त्यांचा कचरा साफ करायलाही लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज येतात. म्हणून उपचाराआधीच्या तुकड्यातल्या लिम्फोसाइट आणि उपचारानंतरच्या लिम्फोसाइट यांचा अर्थ तंतोतंत सारखा लावता येत नाही.

दगडू_वारणाकाठ
वेशीवर बसून नुसत्या गप्पा हाणणारी मंडळी आमच्या गावात पण हाईत, डॉक्टर. आत शिरून काम करणारी कमी. समजलं बगा एकदम. ताई, तुमच्या बाबांच्या आत शिरल्यात न्हवं, मग धीर धरा.

आकडेमोड
मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवते. काचपट्टी यांनी जे लिहिलं ते बरोबरच आहे, पण ‘जास्त असलेले लोक जास्त जगतात’ हे वाक्य नीट उलगडायला हवं.

या अभ्यासांत बहुतेक वेळा शे-दोनशे रुग्णांच्या गाठी घेतात, पेशी मोजतात, मग मध्ये कुठेतरी रेघ ओढून ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोन गट पाडतात. रेघ कुठे ओढायची हे प्रत्येक अभ्यासात वेगळं. एका प्रयोगशाळेतलं ‘जास्त’ दुसरीकडे ‘मध्यम’ ठरू शकतं. दुसरं म्हणजे, लवकरच्या टप्प्यातल्या गाठींत या पेशी अनेकदा जास्त सापडतात. मग माणूस जगला तो पेशींमुळे की आजार लवकर पकडला म्हणून? चांगले अभ्यास टप्पा, वय, ग्रंथींची संख्या हे सगळं जुळवून मग फरक उरतो का ते बघतात. सीडी८ बाबत पुष्कळ ठिकाणी उरतो. पण तो गटांमधला फरक असतो. ‘जास्त’ गटातलेही काही लवकर जातात आणि ‘कमी’ गटातलेही काही वर्षानुवर्षं जगतात. आलेखावर दोन्ही गटांच्या जगण्याचे वक्र एकमेकांपासून दूर जातात, पण दोन्हींत माणसं असतात.

सायली, मध्यक आयुष्य अमुक महिने असं वाचलंस तर लक्षात ठेव, निम्मे लोक त्याच्या पुढे जातात.

मंजुळा_के
प्रतिकारशक्तीच महत्त्वाची आहे म्हटल्यावर ती वाढवायलाच हवी ना? माझ्या आत्याला आम्ही गुळवेलाचा काढा आणि हळदीच्या गोळ्या दिल्या होत्या, तिला बरं वाटत होतं. बाबांनाही सुरू करा, नुकसान काही नाही.

काचपट्टी
मंजुळाताई, आत्यांना बरं वाटलं याचा आनंद आहे. पण ‘नुकसान काही नाही’ हे मी मान्य करणार नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तो वाद झाला. पण ज्याच्या यकृतावर आधीच केमोचा भार आहे आणि ज्याला पुढे इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीकडूनच काम करून घेणारं औषध) द्यावी लागू शकते, ज्यात यकृताला सूज येणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, त्याला डॉक्टरांना न विचारता काढा द्यायचा नाही. उद्या यकृताचे आकडे वाढले तर कशामुळे वाढले हे कुणालाच सांगता येणार नाही आणि औषध थांबवावं लागेल.

मूळ मुद्दा असा की गाठीतल्या टी पेशींची अडचण संख्या कमी असणं ही नेहमी नसते. त्या असतात, पण थकलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचं प्रथिन ब्रेकच्या दांड्यासारखं असतं आणि गाठीच्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन दाखवून तो दांडा दाबून धरतात. मग मारणारी पेशी समोर शत्रू असूनही स्वस्थ राहते. कुठल्याही काढ्याने तो दांडा सुटत नाही.

मंजुळा_के
ठीक आहे, यकृताचं मला माहीत नव्हतं. पण डॉक्टर लोक आहाराबद्दल काहीच बोलत नाहीत म्हणून माणूस काढ्याकडे वळतो, हेही खरं आहे.

रानवारा
मंजुळाताईंचा हा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

अंबाझरी
मी कर्करोगतज्ज्ञ आहे, नागपूरला. काचपट्टी यांनी दांड्याचा विषय काढला तिथूनच पुढे जातो, कारण सायली यांच्या वडिलांसाठी तीच बाब सगळ्यात कामाची आहे.

तो ब्रेक सोडवणारी औषधं म्हणजे इम्युनोथेरपी. त्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. होंजो यांच्या पीडी-१ वरच्या कामातून निवोलुमॅब हे औषध आलं. अन्ननलिकेत आधी ते पसरलेल्या आजारात वापरलं गेलं. स्क्वेमस प्रकारात, ज्यांच्या गाठीच्या पेशींवर पीडी-एल१ १ टक्का किंवा जास्त होतं, त्यांच्यात केमोबरोबर निवोलुमॅब दिल्यावर मध्यक आयुष्य ९.१ महिन्यांवरून १५.४ महिन्यांवर गेलं. हा अभ्यास २०२२ मध्ये आला.

तुमच्या वडिलांच्या परिस्थितीशी जुळणारा अभ्यास वेगळा आहे. केमो-लाईट झालं, ऑपरेशन झालं आणि काढलेल्या नमुन्यात आजार शिल्लक सापडला, नेमके असे ७९४ रुग्ण घेतले होते. काहींना एक वर्ष निवोलुमॅब, काहींना नुसतं सलाईन. आजार परत न येता गेलेला मध्यक काळ ११ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला, म्हणजे जवळपास दुप्पट. स्क्वेमस गटात हा काळ आणखी जास्त होता. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. तुम्ही गोड करून नको म्हणालात, म्हणून पुढचंही सांगतो. एकूण आयुष्याचे आकडे नंतर आले, त्यात औषध घेणाऱ्यांचा मध्यक जास्त होता, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला ठामपणे उतरला नाही. आजार परत येणं लांबवतं हे नक्की, आयुष्य किती वाढवतं याबद्दल तेवढ्या जोरात बोलता येत नाही.

तर डॉक्टरांना भेटाल तेव्हा पहिला प्रश्न लिम्फोसाइटचा नको. ‘नमुन्यात आजार शिल्लक आहे, निवोलुमॅबचा विचार करायचा का, आणि पीडी-एल१ तपासलं आहे का?’ असं विचारा. पीडी-एल१ चा जो एकत्रित स्कोअर काढतात त्यात फक्त कर्करोगाच्या पेशी मोजत नाहीत, पीडी-एल१ असलेल्या लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेजही मोजतात. म्हणजे रिपोर्टातली ती ओळ अशा मार्गाने उपचाराच्या निर्णयात येते.

पाखाडी
डॉक्टरसाहेब, सगळं पटलं. पण वर्षभराचं निवोलुमॅब म्हणजे पूर्ण डोसचा खर्च किती, हेही लिहा ना. आमच्या दापोलीकडे आंब्याची कलमं विकली तरी भागणार नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हे सगळं वाचून उलट जास्त त्रास होतो.

अंबाझरी
पाखाडी, तुमचा प्रश्न रास्त आहे. पूर्ण डोस बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे आणि मी रोज हेच संभाषण करतो. आकडा लिहीत नाही, कारण रुग्णालयाप्रमाणे आणि कंपनीच्या सवलत योजनेप्रमाणे तो फार बदलतो. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही हे तेच नीट सांगतील.

एक आशेची गोष्ट आपल्याच मुंबईतून आली आहे. टाटा मेमोरियलने डोकं-मान भागाच्या, बरा न होणाऱ्या कर्करोगात निवोलुमॅबचा अगदी छोटा डोस, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, तोंडी घ्यायच्या स्वस्त औषधांसोबत दिला. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. जगभर त्याची दखल घेतली गेली. पण तो अभ्यास अन्ननलिकेचा नव्हता आणि ऑपरेशननंतरच्या रुग्णांचाही नव्हता. म्हणून तोच आकडा इथे लावू नका. तुमच्या डॉक्टरांना कमी डोसबद्दल विचारायला मात्र अजिबात संकोच करू नका.

सुगरण_पुणे
थोडं विषयांतर. हा आजार होतो तरी कशाने? बाबा तंबाखू खायचे का?

सायली_कऱ्हाड
तरुणपणी विडी आणि तंबाखू-चुना होता. आजीसुद्धा मिश्री लावायची. घरात सगळ्यांनाच सवय.

भिंगरी_न्यूजर्सी
सुगरण, दोन मुख्य प्रकार असतात. इथे अमेरिकेत खालच्या टोकाचा, अ‍ॅडेनोकार्सिनोमा जास्त, जुन्या अ‍ॅसिडिटीशी आणि लठ्ठपणाशी जोडलेला. आपल्याकडे, चीनमध्ये, इराणमध्ये, पूर्व आफ्रिकेत स्क्वेमस जास्त. तंबाखू, दारू, सुपारी ही मोठी कारणं. सुपारीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) नुसती सुपारी म्हणूनही कर्करोगकारक ठरवलं आहे, तंबाखू नसली तरी. आसाम-मेघालयात हा आजार देशात सर्वांत जास्त दिसतो, तिथे कच्च्या सुपारीची सवय घरोघरी आहे.

आणि गरम चहा! याच संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकली. इराणच्या गोलेस्तान प्रांतात चहाचं तापमान मोजून मोठा अभ्यास झाला, तिथेही अति गरम आणि भरपूर चहा पिणाऱ्यांत धोका जास्त निघाला.

दगडू_वारणाकाठ
आमच्यात बशीत ओतून फुंकर मारत प्यायची पद्धत हाय. म्हातारी माणसं शाणी होती म्हणायची.

सुगरण_पुणे
बशी परत काढते कपाटातून :) आणि यजमानांची सुपारी आजपासून बंद, त्यांना धागा वाचायला दिला आहे.

आठवणी_आईच्या
मला थोडं वेगळं बोलायचं आहे. माझ्या आईच्या रिपोर्टातही हेच होतं, लिम्फोसाइट भरपूर. आम्हालाही ‘चांगलं असतं’ म्हणाले होते. आम्ही त्या ओळीला धरून बसलो. वर्षाच्या आत आजार यकृतात गेला आणि ती गेली. मला राग त्या पेशींचा नाही, त्या अर्ध्या वाक्याचा आहे. ‘चांगलं असतं’ म्हणून निघून जायचं नसतं. कुणासाठी चांगलं, किती चांगलं आणि तरी काय होऊ शकतं, हे पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर आम्ही ते शेवटचे महिने वेगळे घालवले असते. तिला गोव्याला, तिच्या माहेरी जायचं होतं. आम्ही ‘बरी झालीस की जाऊ’ म्हणत राहिलो.

सायली, तुमच्या बाबांना जे करायचं असेल ते थांबवू नका. उपचारही करा आणि तेही करा.

आकडेमोड
हे लिहिल्याबद्दल आभार. मी वर वक्रांबद्दल लिहिलं, त्याचा अर्थ एखाद्या घरात काय असतो तो तुम्ही सांगितलात.

काचपट्टी
आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं आम्हा रिपोर्ट लिहिणाऱ्यांनाही लागू आहे. स्तनाच्या कर्करोगात गाठीतल्या लिम्फोसाइट कशा मोजायच्या याच्या आंतरराष्ट्रीय सूचना २०१४ पासून आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तर पेशींची संख्या आणि जागा मोजून काढलेला इम्युनोस्कोअर आहे. फ्रान्सच्या जेरोम गॅलॉन यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की त्या आजारात टी पेशींवरून येणारा अंदाज नेहमीच्या टप्प्यांपेक्षाही चांगला ठरू शकतो. अन्ननलिकेत अजून तशी सर्वमान्य, रोजच्या रिपोर्टात वापरायची पद्धत नाही. त्यामुळे ‘मोठ्या प्रमाणात’ हे बघणाऱ्याच्या नजरेचं वर्णन असतं, मोजमाप नसतं. हे रिपोर्टात कुठे लिहिलेलं नसतं आणि घरचे लोक त्याला आकड्याएवढं वजन देतात.

प्रयोगशाळेतून
मी जर्मनीत याच विषयावर संशोधन करतो, फक्त फुफ्फुसाच्या गाठींवर. काही गाठींत लिम्फोसाइट नुसत्या विखुरलेल्या नसतात, बी पेशी आणि टी पेशी एकत्र येऊन छोट्या लसिका ग्रंथीसारखी रचना गाठीतच उभी करतात. तिथे नव्या टी पेशी शिकून तयार होतात. अशा रचना असलेल्या बऱ्याच प्रकारच्या गाठींत इम्युनोथेरपीला प्रतिसाद चांगला दिसतो आणि अन्ननलिकेतही त्यावर काम चालू आहे. मला पुढच्या दहा वर्षांत नुसत्या मोजणीपेक्षा या रचनेकडे बघणं जास्त उपयोगी ठरेल असं मनापासून वाटतं.

गाठीतूनच टी पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत द्यायची पद्धतही आहे. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये त्वचेच्या मेलानोमात ती यशस्वी करून दाखवली आणि २०२४ मध्ये त्या आजारासाठी तिथे मान्यताही मिळाली. अन्ननलिकेसाठी अजून मान्यता नाही. कुणी ‘पेशी वाढवून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर आधी कुठल्या नोंदणीकृत चाचणीत ते देणार आहेत, हे विचारा.

रानवारा
शेवटचं वाक्य जाड टाइपात छापायला हवं. आमच्या शेजाऱ्यांची अशीच फसवणूक झाली.

निशिगंध
काकांना उपचारांदरम्यान पांढऱ्या पेशी कमी झाल्यात असं सांगितलंय, लिम्फोसाइट फारच कमी. त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का?

अंबाझरी
आहे. अन्ननलिका हृदय, फुफ्फुसं आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असते. लाईट देताना तिथून वाहणाऱ्या रक्तातल्या लिम्फोसाइटवर मारा होतो आणि या पेशी किरणांपुढे फार नाजूक असतात. तीव्र घट झालेल्या रुग्णांचे निकाल तुलनेने वाईट दिसले आहेत, म्हणून किरणांचा आराखडा करताना याकडे आता लक्ष दिलं जातं. पण घरी बसून काही करून त्या वाढत नाहीत. ताप १०० च्या वर गेला तर रात्र असली तरी रुग्णालयात फोन करायचा, एवढं कटाक्षाने पाळा.

सायली_कऱ्हाड
सगळ्यांना किती धन्यवाद देऊ. काल डॉक्टरांना भेटलो. लिहून नेलेले प्रश्न विचारले, यावेळी त्यांनी बसवून घेऊन सांगितलं. पीडी-एल१ ची तपासणी झालेली नव्हती, ती करायला सांगितली आहे. निवोलुमॅबबद्दल निकाल आल्यावर ठरेल, आणि खर्चासाठी समाजसेवा विभागाकडे कागद दिले आहेत. लिम्फोसाइटच्या ओळीबद्दल ते म्हणाले की ती जमेच्या बाजूला धरा, पण एका ग्रंथीत आजार होता आणि नमुन्यात आजार उरला होता हे जास्त वजनाचं आहे. ऐकायला जड गेलं. पण आता निदान आम्ही कुठे उभे आहोत ते माहीत आहे.

आठवणी_आईच्या, तुमचं वाचून बाबांना विचारलं. त्यांना पंढरपूरला जायचं आहे. गाडीने, गर्दी नसताना. पुढच्या तपासणीआधी जाऊन येतोय.

आठवणी_आईच्या
नक्की जा. सोबत मऊ भात आणि ताक ठेवा.

काचपट्टी
छान केलंत. एक व्यवहाराची गोष्ट: पीडी-एल१ साठी मेणाचा ब्लॉक, म्हणजे नमुना ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा, लागतो. ज्या प्रयोगशाळेत नमुना तपासला तिथे अर्ज करून तो मागता येतो. कुरियरने पाठवण्यापेक्षा शक्य असेल तर स्वतः न्या, उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. आणि आधीच्या, म्हणजे उपचारांपूर्वीच्या दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याचा ब्लॉकही मागून घ्या. तपासणी कोणत्या नमुन्यावर करायची हे डॉक्टर ठरवतील, पण दोन्ही हाताशी असू द्या.

मंजुळा_के
ऑपरेशननंतरच्या जेवणावर वेगळा धागा काढू का? दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उशी उंच, असं आत्याच्या वेळी आम्ही शिकलो होतो. वजन टिकवायला काय काय केलं तेही लिहीन.

निशिगंध
हो ताई, आजच काढा. काकांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.